जेंडर स्टडीजचं डिपार्टमेंट नक्की कोण चालवतं?

जेंडर स्टडीजमध्ये, म्हणजे बाई-पुरुष असण्याचे समाजातले अर्थ आणि त्यातली विषमता यांच्या अभ्यासात, काय शिकवतात, कुठली थिअरी असते, पुढे नोकरी कुठे लागते यावर लिहिणारे बरेच आहेत, मला आज त्यावर लिहायचं नाहीये. मला लिहायचंय ते आम्ही विद्यार्थी तिथे एकमेकांबरोबर कसे राहतो त्याबद्दल. एमएची दोन वर्षं संपत आलीयेत आणि मला आता पक्कं वाटायला लागलंय की हे डिपार्टमेंट सिलॅबसवर कमी आणि विद्यार्थ्यांनी एकमेकांसाठी केलेल्या कामावर जास्त चालतं, आणि ते काम टाइमटेबलमध्ये नसतं, मार्कशीटवर येत नाही, आणि बहुतेक वेळा तीच ती दोनचार माणसं करत असतात. आम्ही रात्रंदिवस बिनपगारी कामाबद्दल वाचतो, त्यावर पेपर लिहितो, आणि आमच्याच वर्गातलं असलं काम कुणी मोजत नसेल तर आम्ही शिकतोय तरी काय, हा प्रश्न मला सोडत नाहीये म्हणून हे लिहायला बसले.

आधी माणसांबद्दल सांगते. हे डिपार्टमेंट बहुतेक ठिकाणी लहानच असतं, इतिहास किंवा इकॉनॉमिक्ससारखी भरगच्च बॅच नसते, एका मोठ्या टेबलाभोवती सगळे मावतात. आणि आलेले सगळे एका वाटेने आलेले नसतात. आमच्यात लिटरेचर केलेल्या आहेत, सोशिऑलॉजीवाले आहेत, एक जण कायदा शिकून आलीये, एक नर्स आहे जिने काही वर्षं वॉर्डात ड्यूटी केलीये, एक इंजिनिअर आहे ज्याला ऑफिसमध्ये लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या कमिटीत बसवलं आणि त्याला जाणवलं की आपल्याला यातलं काहीच कळत नाही, म्हणून तो नोकरी सोडून इथे आला. एक दोन मुलांची आई आहे, ती लेक्चर संपल्या संपल्या निघते. त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांची भाषा वेगळी, एखाद्याला अगदी बेसिक वाटणारी गोष्ट दुसऱ्याने आयुष्यात कधी ऐकलेली नसते, आणि शिक्षकांकडे एवढा वेळ नसतो की प्रत्येकाला मागून पुढे आणतील. मग ते कोण करतं? लायब्ररीत शेजारी बसलेली मैत्रीण करते. कायदा शिकलेली आम्हाला कोर्टाचा निकाल कसा वाचायचा ते सांगते, आणि नर्स गर्भपाताच्या चर्चेत थिअरीत अडकलेल्या सगळ्यांना खाली जमिनीवर आणते. मी या वर्गात शिकलेल्यातला निम्मा भाग असा शेजारच्या खुर्चीतून आलाय.

आणि हे आजचं नाहीये, हा विषय आला तोच मुळी असा आला. अमेरिकेत कॉर्नेलमध्ये १९६९ साली स्त्री-अभ्यासाचा एक कोर्स झाला आणि १९७० मध्ये सॅन डिएगो स्टेटमध्ये पहिला अधिकृत प्रोग्रॅम सुरू झाला, आणि तो काही वरून कुणाच्या मनात आलं म्हणून नाही झाला, विद्यार्थिनी, काही शिक्षिका आणि बाहेरच्या चळवळीतल्या बायका यांनी मिळून मागणी लावून धरली, सह्या गोळा केल्या आणि मान्यता मिळायच्या आधीच वर्ग घेऊन दाखवले. भारतात मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात १९७४ साली स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू झालं, त्याच वर्षी देशातल्या स्त्रियांच्या परिस्थितीवर नेमलेल्या समितीचा अहवालही आला होता आणि चळवळीची हवा सगळीकडे होती. म्हणजे बाकीच्या विषयांत आधी डिपार्टमेंट असतं आणि मग मुलं येतात, इथे मात्र आधी माणसं एकत्र जमली आणि मग त्यांना खोली मिळाली. नंतर बऱ्याच ठिकाणी स्त्री-अभ्यासचं जेंडर स्टडीज झालं, त्यावर वाद झाले, अजून होतात, पण एकत्र जमून शिकायची सवय तशीच राहिली.

वर्गात बसायची पद्धतही तिथूनच आलीये. साठच्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये आणि मग इतर शहरांत बायकांचे छोटे छोटे गट जमायचे, एकेकीने आपला अनुभव सांगायचा आणि मग सगळ्यांनी मिळून बघायचं की यातलं माझं एकटीचं किती आणि आपल्या सगळ्यांचं किती. आमच्या सेमिनारचा सांगाडा अजून तोच आहे, गोल बसतो, वाचून आलेलं समोर ठेवतो, आणि कुणाच्या तरी तोंडून 'हे माझ्या बाबतीत झालंय' असं कधी ना कधी येतंच. फरक एवढाच की त्या गटात परीक्षा नव्हती, अटेंडन्स नव्हता, समोर मार्क देणारं कुणी नव्हतं. इथे आहे. एखादीने मन मोकळं केलं आणि पुढच्या आठवड्यात तिला त्याच विषयावरच्या पेपरला कमी मार्क पडले तर काय होतं ते मी बघितलंय, आणि ते फार वाईट दिसतं. म्हणून मला वाटतं अनुभव सांगायला कुणालाही भाग पाडू नये, अगदी प्रेमानेसुद्धा नाही, आणि सांगितलं तर ते वर्गाबाहेर जाता कामा नये, हा नियम पहिल्याच दिवशी बोलून ठरवावा, गृहीत धरू नये.

हिंसाचारावरच्या आठवड्यात आमच्यातली एक जण बोलायला लागली आणि तिला थांबता येईना. मॅडमनी खूप चांगलं सांभाळलं, वाचन बाजूला ठेवलं, घाई केली नाही, कुणाला प्रश्न विचारू दिले नाहीत. पण तास संपतो. आणि तास संपल्यावर जे काही असतं ते विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतं. तिच्याबरोबर हॉस्टेलपर्यंत कोण चालत गेलं, रात्री फोनवर कोण होतं, दुसऱ्या दिवशी ती आली नाही तेव्हा तिच्या रूमवर कोण गेलं, काउन्सेलरची अपॉइंटमेंट कुणी घेतली, तिच्या सबमिशनसाठी मुदत वाढवून मागायला ऑफिसमध्ये कोण उभं राहिलं? हे सगळं आमच्या त्या नर्स मैत्रिणीने केलं (दोघींना विचारूनच लिहितेय). तिला कुणी नेमलं नव्हतं. तिला हे येतं असं आम्ही सगळ्यांनी मनात ठरवून टाकलं होतं. तिने ते मनापासून केलं यात शंकाच नाही, पण त्या महिन्यात तिचं स्वतःचं वाचन पूर्ण मागे पडलं आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

असंच आमच्या एका ट्रान्स मित्राबाबत. पहिल्या सेमिस्टरला जेंडर आयडेंटिटीचा, म्हणजे माणूस स्वतःला बाई, पुरुष की आणखी काही मानतो याचा, विषय निघाला की सगळ्या माना त्याच्याकडे वळायच्या, वाईट हेतूने नाही, उत्सुकतेने, आदरानेही, पण वळायच्या. तास संपल्यावर कॉरिडॉरमध्ये परत प्रश्न. एकदा तो शांतपणे म्हणाला की मीपण फी भरून शिकायलाच आलोय, तुमचं पुस्तक व्हायला आलेलो नाही. मग आम्ही ठरवलं की जे पुस्तकात, लेखात सापडतं ते आधी स्वतः वाचायचं, आणि त्याला जो हवा त्या विषयावर बोलू द्यायचं. त्याला खरंतर कामगार कायद्यांत रस आहे आणि त्यावर तो जे बोलतो ते ऐकण्यासारखं असतं.

अमेरिकेतली कायद्याची अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ हिचा १९८९ चा लेख बहुतेक सगळ्याच डिपार्टमेंटमध्ये वाचतात. त्यात जनरल मोटर्सविरुद्धच्या एका केसची चर्चा आहे. पाच कृष्णवर्णीय बायका कोर्टात गेल्या होत्या, कारण सीनिऑरिटी बघून नोकरकपात झाली आणि त्यांना मुळात कामावरच उशिरा घेतलेलं असल्यामुळे त्याच बाहेर पडल्या. कोर्ट म्हणालं कंपनीत बायका आहेत, म्हणजे बाई म्हणून भेदभाव नाही, त्या बायका गोऱ्या होत्या ही गोष्ट वेगळी. वंशाचा मुद्दा वेगळा मांडा, पण दोन्ही एकत्र करून नवीन तक्रार करता येणार नाही. हा निकाल १९७६ चा. आम्ही तो वाचून खूप तावातावाने बोललो, आणि मग त्याच आठवड्यात रीडिंग ग्रुपची वेळ संध्याकाळी सात ठरली. दोन मुलांच्या आईला ती जमणं शक्य नाही, संध्याकाळी पार्टटाइम काम करणाऱ्या मुलाला शक्य नाही, आणि लांबून येणाऱ्या मुलीची शेवटची बस त्याच सुमाराला. तिघांनाही ग्रुप 'सगळ्यांसाठी खुला' होता. कुणी त्यांना नको म्हटलं नव्हतं. पण जमणारे तेच सहासात, हॉस्टेलवर राहणारे, घरची जबाबदारी नसलेले, इंग्रजी वाचनाचा सराव असलेले, आणि हळूहळू असं झालं की डिपार्टमेंटचा विद्यार्थी म्हणजे तेच, गेस्ट लेक्चरला पाहुण्यांची ओळख तेच करून देणार, मॅडम काही विचारायचं झालं तर त्यांनाच विचारणार. मीपण त्या सहासातमध्ये होते.

जो फ्रीमन नावाच्या अमेरिकन कार्यकर्तीने १९७० मध्ये एक भाषण दिलं होतं, पुढे ते लेख म्हणून खूप फिरलं. स्त्रीमुक्ती चळवळीतल्या गटांना तेव्हा अभिमान होता की आमच्यात नेता नाही, पदं नाहीत, सगळे सारखे. तिचं म्हणणं असं की ढाचा नसलेला गट असा काही प्रकार नसतोच, ढाचा असतोच, फक्त तो लिहिलेला नसला की तो मैत्रीतून तयार होतो, आणि ज्यांची आपापसात मैत्री आहे ते निर्णय घेतात आणि बाकीच्यांना कळतही नाही की निर्णय कधी झाला. आणि लिहिलेलं काहीच नसल्यामुळे त्यांना जाब विचारता येत नाही. तो लेख आम्ही आमच्याच ग्रुपला लावून वाचला आणि टेबलावर बराच वेळ कुणी बोललं नाही, मग एकदम सगळे बोलायला लागले. मला विचाराल तर जेंडर स्टडीजला येणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या महिन्यात वाचावा असा तो लेख आहे, मोठमोठ्या थिअरीच्या आधी.

त्यानंतर आम्ही एक गोष्ट केली जी मला अजून फार मोलाची वाटते. टाइम यूज सर्व्हे आम्हाला मेथडॉलॉजीच्या पेपरला होता. माणूस दिवसभर काय करतो ते चोवीस तासांच्या हिशेबाने नोंदवायचं, भारताच्या २०१९ च्या सर्व्हेत तर पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाचे भाग करून विचारलं होतं. त्यात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषांचे ९७, आणि हे सुद्धा जे पुरुष ते काम करतात फक्त त्यांचं, करणारे मुळात थोडे. जगाचा आकडा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये दिला होता, दिवसाला १६.४ अब्ज तास बिनपगारी काळजीचं काम, त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त बायका करतात. मेरिलिन वॉरिंग न्यूझीलंडच्या संसदेत १९७५ साली तेविसाव्या वर्षी निवडून गेली, तिथे देशाचे हिशेब बघता बघता तिला दिसलं की जीडीपीच्या पद्धतीत हे काम धरलेलंच नाही, आणि १९८८ मध्ये तिने त्यावर पुस्तक लिहिलं. हे सगळं आम्ही परीक्षेत छान लिहितो. मग कुणीतरी म्हणालं, आपली डायरी करूया का, डिपार्टमेंटसाठी कोण काय करतं याची?

काही आठवडे सगळ्यांनी लिहिलं. लेख स्कॅन करून पाठवणं, रूम बुक करणं, प्रोजेक्टरची केबल शोधणं, गैरहजर असलेल्याला नोट्स देणं, आजारी असलेल्याबरोबर दवाखान्यात जाणं, रडणाऱ्याचं ऐकणं, भांडलेल्या दोघांत मध्यस्थी करणं, पहिल्या वर्षाच्या मुलांना विषयाच्या मूळ गोष्टी समजावणं, पाहुण्यांना गेटवरून आणणं, कार्यक्रमानंतर खुर्च्या लावणं, पोस्टर करणं, ऑफिसमधल्या क्लार्कशी गोड बोलून फॉर्मवर सही आणणं. लिहिताना सगळ्यात अवघड गेलं ते एकाच वेळी दोन कामं होतात तेव्हा काय करायचं, म्हणजे स्वतःचा स्वयंपाक चालू आहे आणि कानाला फोन लावून मैत्रिणीचं ऐकणं चालू आहे, मोठमोठ्या सर्व्हेतही काळजीचं काम इथेच निसटतं. आम्ही दोन्ही लिहायचं ठरवलं.

निकाल बघून जो धक्का बसला तो आम्हाला वाटला होता तसा नव्हता. मुली जास्त करतात आणि मुलं कमी, एवढं सरळ नव्हतं. खुर्च्या लावणं, केबल, पोस्टर हे दिसणारं काम बऱ्यापैकी वाटलं गेलेलं होतं, कारण त्याचे फोटो निघतात, आभार मानले जातात. ऐकणं, सोबत जाणं, मध्यस्थी हे जवळजवळ सगळं तीन जणांवर होतं, नर्स मैत्रीण, ती दोन मुलांची आई, आणि तो इंजिनिअर, ज्याच्याकडे मुलगे रात्री उशिरा येऊन बोलायचे आणि आम्हा कुणाला याची कल्पनाच नव्हती. म्हणजे जी बाई लेक्चर संपल्या संपल्या निघते, जिच्याबद्दल 'ती फारशी डिपार्टमेंटमध्ये नसते' असं बोललं जायचं, ती बसमधून येता जाता तीन जणींचं ऐकत होती. आणि आम्ही जे सतत डिपार्टमेंटमध्ये दिसणारे, आमच्या डायरीत मीटिंगा होत्या, चर्चा होत्या, निर्णय होते.

यावर काय करायचं यावरून जोरदार वाद झाला आणि तो वाद मला चांगला वाटतो, कारण दोन्ही बाजूंना खरं काही होतं. एका बाजूचं म्हणणं, आता वेळापत्रक करू, पाळ्या लावू, प्रत्येक कामाला नाव. दुसरी बाजू म्हणाली की मैत्री अशी शीटवर टाकता येत नाही, मला रडू येईल तेव्हा ज्याची पाळी आहे त्याच्याकडे मी जाणार नाही, जिच्याकडे जावंसं वाटतं तिच्याकडेच जाणार. हे बरोबरच आहे. शेवटी आम्ही दोन्ही वेगळं केलं. ज्या कामाला माणूस बदलला तरी चालतं, म्हणजे रूम, स्कॅनिंग, मीटिंगची मिनिट्स (काय ठरलं त्याच्या नोंदी), नव्या मुलांना ओळख करून देणं, ऑफिसच्या चकरा, त्याला पाळ्या लावल्या आणि ज्यांच्यावर ऐकायचं ओझं आहे त्यांना या पाळ्यांतून बाहेर ठेवलं. रीडिंग ग्रुप दुपारच्या मोकळ्या तासाला घेतला. निर्णय मीटिंगमध्येच आणि लिहूनच घ्यायचा, हॉस्टेलच्या खोलीत झालेला धरायचा नाही. आणि ऐकणाऱ्याला 'आज मला जमणार नाही' म्हणता यावं, त्याच्यासाठी कारण द्यावं लागू नये, आणि समोरच्याने ते मनाला लावून घेऊ नये. हे शेवटचं सगळ्यात कठीण जातं. नर्स मैत्रिणीला नाही म्हणायला एक पूर्ण सेमिस्टर लागलं, आणि पहिल्यांदा म्हणाली तेव्हा समोरच्या मुलीने तिला नंतर मेसेज केला की बरं झालं सांगितलंस, मी दुसऱ्या कुणाशी बोलले. सगळे असे समजूतदार नसतात, एक जण दुखावली आणि ग्रुपमधून निघून गेली, अजून आमच्याशी नीट बोलत नाही. त्याचं मला वाईट वाटतं.

बाहेरच्या जगाचंही थोडं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय या डिपार्टमेंटमधली माणसं एकमेकांना इतकी का धरून असतात ते कळत नाही. हंगेरीच्या सरकारने २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये जेंडर स्टडीजच्या मास्टर्सची मान्यताच काढून घेतली, बुडापेस्टमधल्या दोन विद्यापीठांत तो विषय होता. फ्लोरिडातल्या न्यू कॉलेजच्या विश्वस्तांनी २०२३ मध्ये हा प्रोग्रॅम बंद करायच्या बाजूने मत दिलं. आणि त्याच वर्षी २८ जूनला कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जेंडरवरचा तास चालू असताना एक माजी विद्यार्थी वर्गात शिरला आणि त्याने शिकवणाऱ्या प्राध्यापकाला आणि दोन विद्यार्थ्यांना चाकूने भोसकलं. तिघेही वाचले. आम्ही त्याबद्दल पहिल्या वर्षी वाचलं आणि त्यानंतर पोस्टरवर रूम नंबर टाकायचा की नाही यावर बोललो. एक म्हणाली की आपण लपायला लागलो तर नवीन मुलं आपल्यापर्यंत येणार कशी, दुसरी म्हणाली मला दाराकडे पाठ करून बसवत नाही. आम्ही नंबर टाकतो, पण ज्याला दार दिसेल असं बसायचंय त्याने न सांगता तसं बसावं आणि इतरांनी जागा द्यावी, एवढं ठरलंय. रोजचा त्रास बाकी चाकूचा नसतो, टोमण्यांचा असतो, इतर डिपार्टमेंटच्या मुलांचं 'तुम्ही काय पुरुषद्वेष शिकता का', घरच्यांचं 'याला काय स्कोप आहे', फोटो टाकला की खाली घाण कमेंट. या सगळ्याला उत्तर देणं हे पण काम आहे आणि तेही आम्ही आता वाटून घेतो, प्रत्येक वेळी प्रत्येकाने लढायची गरज नाही.

मुलग्यांबद्दल मला नेहमी विचारतात. असतात, कमी असतात. काही जण पहिल्या दिवसापासून फार बोलतात, काही जण आपण चुकीचं बोलू म्हणून वर्षभर तोंड उघडत नाहीत, आणि मला दुसऱ्या प्रकाराची जास्त काळजी वाटते, कारण गप्प बसणाऱ्याला कुणी काही शिकवू शकत नाही आणि तोही आम्हाला काही देत नाही. इंजिनिअर मित्राच्या खोलीत रात्री जे बोलणं व्हायचं ते वर्गात यायला पाहिजे होतं असं मला वाटतं, आणि थोडं थोडं यायला लागलंय.

आता डिझर्टेशन, म्हणजे एमएचा शेवटचा संशोधन प्रबंध, चालूये आणि हा काळ सगळ्यात एकटा असतो. जो तो आपल्या मुलाखतींत, ट्रान्स्क्रिप्टमध्ये. एथिक्सच्या फॉर्मवर मुलाखत देणाऱ्या व्यक्तीला त्रास झाला तर काय कराल असा प्रश्न असतो, नाव गुप्त कसं ठेवाल, मदतीचा नंबर द्याल का, हे सगळं असतं आणि असायलाच हवं. मुलाखत घेणाऱ्याला त्रास झाला तर काय, याला आमच्या फॉर्मवर जागा नव्हती. कुणी हिंसा सोसलेल्या बायकांशी बोलतंय, कुणी घरातून हाकललेल्या ट्रान्स मुलांशी, दोनदोन तास ऐकायचं, मग घरी येऊन तेच रेकॉर्डिंग थांबवत थांबवत टाइप करायचं, म्हणजे तीच गोष्ट अनेकदा ऐकायची. माझ्या सहाव्या का सातव्या मुलाखतीनंतर मला झोपच येईना. आम्ही जोड्या केल्यात, मुलाखत झाली की त्याच दिवशी जोडीदाराशी अर्धा तास बोलायचं, मुलाखतीतलं नाव गाव काही न सांगता, फक्त मला काय झालं ते. गाईड लोकांना हे आवडलं, पुढच्या वर्षीपासून प्रपोजलमध्येच संशोधकाची काळजी असा एक परिच्छेद लिहायला लावणार आहेत म्हणे. हे आम्ही विद्यार्थ्यांनी सुरू केलं याचा मला खरंच अभिमान आहे.

अडकलंय ते एका ठिकाणी. आम्ही डिपार्टमेंटकडे मागणी केलीये की पाळ्यांची जी कामं आहेत, विशेषतः नव्या मुलांना पहिलं सेमिस्टर शिकवायला मदत करणं, त्याला क्रेडिट किंवा मानधन द्या. शिक्षकांत दोन मतं आहेत. एका मॅडमचं म्हणणं की पैसे आले की ज्यांचं प्रेझेंटेशन चांगलं तेच अर्ज करून ते घेतील आणि खरं काम करणारी परत मागेच राहील. दुसऱ्या मॅडम म्हणतात की पैशाशिवाय फक्त ज्यांच्या घरून खर्च येतो तेच हे करू शकतात. मला दुसरं पटतं, पण पहिल्या मॅडमना जी भीती वाटते ती खोटी नाही, आम्ही डायरीत तेच तर बघितलं होतं. म्हणून आम्ही लिहून दिलंय की मानधन अर्ज मागवून नको, पाळीप्रमाणे द्या, म्हणजे ज्याची पाळी त्याला, सगळ्यांना सारखं. ऐकण्याच्या कामाला मात्र पैसे मागितलेले नाहीत, त्यासाठी डिपार्टमेंटने आठवड्यातून निदान एक दिवस काउन्सेलर आणावा असं मागितलंय, कारण काही गोष्टी मैत्रिणीने उचलायच्या नसतातच, त्या शिकलेल्या माणसानेच उचलायच्या असतात. अर्ज अजून ऑफिसमध्ये आहे. आमची बॅच बाहेर पडली की त्याचा पाठपुरावा पहिल्या वर्षाची मुलं करणार आहेत, डायरीची प्रत आणि आतापर्यंतच्या सगळ्या मीटिंगची मिनिट्स त्यांच्याकडे दिलीयेत.